डोळा एका खात्याकडे, माणूस दुसऱ्याकडे

हे पुस्तक उघडून वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला डोळे असणार, हे आधीच कबूल करून टाकतो. अंध माणसाला मिळणाऱ्या सरकारी सेवांची माहिती इथे शाईने छापलेली आहे. ती वाचणार कुणाची तरी सून, पुतण्या, गावातले ग्रामसेवक, सेतू केंद्रात दिवसभर अर्ज भरणारा मुलगा, नाहीतर गेल्याच महिन्यात त्या टेबलावर बदलून आलेला कारकून. ज्याच्यासाठी सेवा आहे त्याच्यापर्यंत ती नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांवाटे जाते. म्हणून योजनांच्या यादीत शिरण्याआधी ही सगळी व्यवस्था कशी उभी राहिली आणि चालते कशी, ते सांगावं असं मला वाटलं. यादी पुढे आहेच.

आमच्या गावाकडे एक बापू आहेत. काचबिंदूने पन्नाशीच्या आत त्यांची नजर गेली. कचेरीत जाताना त्यांच्या काखेत रेक्झिनची पिशवी असते आणि पिशवीतल्या कागदांची लावणी त्यांनी स्वतः केलेली असते. दिव्यांग दाखल्याच्या गुंडाळीला एक रबर, रेशनकार्डाला दोन, पासबुकाला सुतळी, आणि आधारच्या झेरॉक्सच्या कोपऱ्याला स्टेपलरची पिन. कागद मागितला की बोटांनी चाचपून बरोबर तोच काढून देतात. एकदा मी बरोबर होतो. खिडकीतल्या कारकुनाने सगळी रबरं काढली, कागद तपासले, शिक्का मारला आणि सगळा गठ्ठा एकत्र करून परत सरकवला. बापू म्हणाले, “साहेब, रबरं तेवढी होती तशी लावून द्या.” कारकुनाला वाटलं, म्हातारा चार आण्याच्या रबरासाठी अडून बसलाय. त्याने मूठभर रबरं गठ्ठ्यावर ठेवली आणि पुढच्याला हाक मारली.

तो कारकून वाईट नव्हता. त्याला रबराचा अर्थ माहीत नव्हता, इतकंच. या पुस्तकाच्या विषयाची अडचण मला त्या खिडकीपाशी नेमकी कळली. सेवा पुष्कळ आहेत, पण त्यांची मांडणी खात्यांच्या सोयीने झालेली आहे, आणि एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्याकडे नेण्याचं काम ज्याला दिसत नाही त्याच्याच अंगावर टाकलेलं आहे.

बापूंचंच उदाहरण पुढे नेतो. डोळा हा आरोग्य खात्याचा विषय. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे. मोतीबिंदूची शिबिरं, ग्रामीण रुग्णालयातले नेत्रचिकित्सा अधिकारी, शाळेतली डोळे तपासणी, संस्थांना शस्त्रक्रियेमागे मिळणारं अनुदान हे सगळं त्यातलं. हा कार्यक्रम चांगला चालला आहे असं माझं मत आहे. मोतीबिंदूने आंधळ्या झालेल्या आज्या खेड्यातल्या ओसरीवर पूर्वी जितक्या दिसत तितक्या आता दिसत नाहीत. पण त्याचं माप शस्त्रक्रियेच्या आकड्यात घेतलं जातं. डॉक्टरांनी “आता काही होण्यासारखं नाही” म्हटलं, की त्या खात्यापुरता रुग्ण संपला. बापूंना हे वाक्य ऐकवलं गेलं तेव्हा त्याच आवारात आठवड्यातून एकदा दाखला देणारं दिव्यांग मंडळ बसत होतं. तिथे जा, असं त्यांना कुणी सांगितलं नाही. दाखल्यासाठी ते पुन्हा त्याच आवारात आले तेव्हा मधे दीड वर्ष गेलं होतं.

दाखला हे या व्यवस्थेचं प्रवेशद्वार. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने (तो 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला) अंधत्वाची व्याख्या केली आहे. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर 3/60 पेक्षा कमी, म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारं अक्षर तीन मीटरवरूनही न दिसणं. किंवा नजरेचा आवाका दहा अंशांहून कमी, म्हणजे नळीतून पाहिल्यासारखं दिसणं. आधीच्या, 1995 च्या कायद्यात ही रेघ 6/60 वर होती. त्यामुळे मधल्या पट्ट्यातली माणसं नव्या कायद्यात अल्पदृष्टी या सदरात गेली. नजर तीच, सदर बदललं. बहुतेक लाभांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा शाबूत असेल तर 30 टक्केच धरतात, म्हणून असा माणूस दाखला हातात असूनही रिकाम्या हाताने परत जातो. हे वाचकाला आधीच माहीत असलं तर एखाद्याचे चार हेलपाटे वाचतील.

हल्ली दाखल्याबरोबर देशभर चालणारं वैश्विक ओळखपत्र मिळतं. टक्केवारीप्रमाणे त्याचा रंग ठरतो: 40 च्या खाली पांढरा, 40 ते 79 पिवळा, 80 पासून पुढे निळा. ज्याला कोणताच रंग दिसत नाही त्याच्या वाट्याला निळा आला आहे.

कार्ड मिळालं की खरी पायपीट सुरू होते. पेन्शन हवी तर तहसील कचेरीतली संजय गांधी शाखा. ही निराधार अनुदान योजना 1980 ची. योजना सामाजिक न्याय विभागाची, पण राबवणारा तहसीलदार महसूल खात्याचा. प्रकरण तालुका समितीपुढे जातं, बैठक लागली की मंजूर होतं. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000 रुपये. रक्कम 2023 मध्ये महिना 1,500 झाली आणि 2025 मध्ये दिव्यांगांपुरती 2,500. दारिद्र्यरेषेखालच्या आणि 80 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी केंद्राचंही निवृत्तिवेतन आहे. त्यात केंद्राचा वाटा महिना 300 रुपये, आणि तो वर्षानुवर्षं तेवढाच आहे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. एसटीत 75 टक्के सवलत, ती परिवहन महामंडळाची. रेल्वेतही पूर्ण अंध प्रवाशाला आणि त्याच्या सोबत्याला सवलत आहे, पण रेल्वे स्वतःचं वेगळं ओळखपत्र मागते. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. हा निधी मार्चएंड जवळ आला की एकदम आठवतो आणि घाईघाईने वाटला जातो. काठी, ब्रेल किट, स्मार्टफोन अशी साधनं केंद्राच्या 1981 पासूनच्या साहाय्य योजनेतून येतात. शाळकरी मुलगा सर्वसाधारण शाळेत असेल तर शालेय शिक्षण विभाग, अंधशाळेत असेल तर दिव्यांग कल्याण विभाग.

हा शेवटचा विभाग महाराष्ट्राने डिसेंबर 2022 मध्ये स्वतंत्र केला. त्याआधी हे काम सामाजिक न्याय विभागाच्या पोटात होतं. स्वतंत्र विभाग झाला हे चांगलंच, पण वरच्या परिच्छेदात मोजून पाहा, बापूंना लागणाऱ्या किती गोष्टी या विभागाच्या हातात आहेत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात दृष्टीचं अपंगत्व असलेल्यांची नोंद पावणेसहा लाखांच्या घरात आहे, देशात 50 लाखांवर. त्यातला प्रत्येक जण आपापली पिशवी घेऊन या खिडक्यांमधून फिरतो आहे. पाट्यांवर अपंग जाऊन दिव्यांग आलं. माझ्या एका अंध मित्राच्या मते पाटी त्याला वाचता येत नसल्याने त्याला काही फरक पडला नाही.

हे असं का झालं, याचं उत्तर इतिहासात आहे. आपल्याकडे अंधांचं शिक्षण सरकारने सुरू केलेलं नाही. देशातली पहिली अंधशाळा 1887 साली अमृतसरला अॅनी शार्प या मिशनरी बाईंनी काढली. मुंबईत 1900 साली, दुष्काळाने पोरकी झालेली मुलं आसऱ्याला येत होती त्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या अॅना मिलार्ड यांनी शाळा सुरू केली. तीच पुढे दादरची कमला मेहता अंधशाळा. 1902 मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल, 1934 मध्ये पुण्याची अंधशाळा, 1952 मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंधजन मंडळ. सगळी कामं मिशनरी, दानशूर, डॉक्टर आणि स्वतः अंध असलेल्या कार्यकर्त्यांची.

सरकार या क्षेत्रात शिरलं ते युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी 1943 साली डेहराडूनला सेंट डन्स्टन्स वसतिगृह निघालं. ते चालवायला आलेले क्लुथा मॅकेन्झी न्यूझीलंडचे, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला स्वतः आंधळे झालेले. सैनिकाचं देणं लागतो ही भावना सरकारला होती. दुष्काळात आंधळ्या झालेल्या कुणब्याच्या पोराचं देणं लागतो, असं तोवर वाटलेलं नव्हतं. 1950 मध्ये ही वास्तू शिक्षण मंत्रालयाकडे आली, तिथे प्रौढ अंधांचं प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं, पुढच्या वर्षी मध्यवर्ती ब्रेल छापखाना. आज तीच राष्ट्रीय दृष्टी दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था आहे.

घटनेनेही हा विषय राज्यांच्या सूचीत टाकला, आणि तिथेही त्याचं नाव आहे साहाय्य. साहाय्य म्हणजे मदत, आणि मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. त्यामुळे जुनी वाटणी तशीच राहिली: शाळा संस्थेची, अनुदान सरकारचं. महाराष्ट्रातल्या बहुतेक अंधशाळा आजही अशाच चालतात. या पद्धतीची ऊब मी पाहिली आहे. वसतिगृहातल्या मावशी मुलाच्या पावलांच्या आवाजावरून त्याचं नाव सांगतात, हे कुठल्या शासन निर्णयाने होत नाही. पण तक्रार घेऊन गेलेल्या पालकाला सरकार म्हणतं संस्थेला विचारा आणि संस्था म्हणते अनुदान आलेलं नाही. मी पाहिलेल्या एका शाळेत आठवीच्या मुलांना ब्रेलमधलं विज्ञानाचं पुस्तक मिळालं तेव्हा दिवाळीची सुट्टी संपली होती. दोष छापखान्याचा, मागणी उशिरा कळवणाऱ्याचा की अनुदानाचा, हे शाळेतल्या कुणालाच सांगता आलं नाही.

सरकारने केलेल्या एका कामाबद्दल मात्र फार बोललं जात नाही. पूर्वी आपल्याकडे ब्रेलच्या दहा-अकरा वेगवेगळ्या लिप्या होत्या; एका प्रांतात शिकलेल्याला दुसऱ्या प्रांतातलं पुस्तक चाचपता यायचं नाही. 1951 मध्ये भारती ब्रेल ठरलं आणि मराठीतला क, बंगालीतला क, तमिळमधला क एकच झाला: पहिला आणि तिसरा बिंदू. डोळस माणसांना भाषावार लिप्यांवरून जे कधी जमलं नाही ते बोटांच्या बाबतीत कागदावर तरी एका निर्णयात झालं.

आता लेखनिकांविषयी, कारण तो अनुभव माझा स्वतःचा आहे. पुण्यात कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना मी तिसऱ्या वर्षाच्या एका अंध विद्यार्थ्याचा इतिहासाचा पेपर लिहायला बसलो. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी हवं, म्हणून मी. जिन्याखालच्या लहानशा खोलीत आम्ही दोघं आणि एक पर्यवेक्षक बाई. तो सांगायचा, मी लिहायचो. स्वल्पविराम, परिच्छेद सगळं तो सांगायचा. एके ठिकाणी त्याने एका तहाचं साल चुकीचं सांगितलं. बरोबर साल मला ठाऊक होतं. मी काहीच बोललो नाही, पण माझं पेन क्षणभर थांबलं. तो लगेच म्हणाला, “दोस्ता, पेन थांबवू नकोस. मला ऐकू येतं.” आणि साल बदललं नाही. तोच आकडा पुन्हा म्हणाला आणि पुढे गेला. पेपर संपल्यावर जिना चढताना त्याने विचारलं, “चुकलं ना ते?”

लेखनिक ही सेवा नियमांत आहे, आणि तरी सरकारच्या नोकरीत लेखनिक नावाचा माणूस मला आजवर भेटलेला नाही. केंद्राने 2013 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, 2018 मध्ये सुधारल्या. तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, हे त्यात आहे. लेखनिक परीक्षा मंडळाने पुरवावा किंवा विद्यार्थ्याने स्वतः आणावा असे दोन पर्याय असतात, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा दुसराच उरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंध विद्यार्थ्यांच्या फोनवरून सगळीकडे विचारणा चालू असते: शुक्रवारी सकाळी कुणी मोकळं आहे का, अकरावीतलं चालेल, अक्षर बरं हवं. ऐन वेळी लेखनिक आला नाही म्हणून वर्ष गेलेली मुलं मला माहीत आहेत.

नोकरीचं प्रकरण या पुस्तकात सगळ्यात लांब आहे, आणि असायलाच हवं. ब्रेलचे बिंदू सहा, सरकारी नोकरीच्या बिंदुनामावलीचे शंभर. त्यातले दिव्यांगांचे चार, आणि चारांतला एक अंध व अल्पदृष्टी उमेदवारांचा. हा एक बिंदू कुणी सहज दिलेला नाही. 1977 मध्ये केंद्राने खालच्या दोन श्रेणींत 3 टक्के जागा ठेवण्याचा आदेश काढला, तो कागदावर राहिला. 16 मार्च 1980 रोजी दिल्लीत मोर्चा घेऊन निघालेल्या अंधांवर पोलिसांनी लाठीमार केला; दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी देशाला लाज आणली. 1995 च्या कायद्याने वरच्या श्रेणीही उघडल्या, पण खाती जागांचा हिशेब अशा रीतीने मांडत राहिली की वाट्याला शून्य यावं. 8 ऑक्टोबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय अंध महासंघाच्या खटल्यात सांगितलं की हिशेब संवर्गातल्या एकूण रिक्त पदांवर धरा. 2016 च्या कायद्याने 3 चे 4 टक्के केले. या वाटेवरचं जवळजवळ प्रत्येक पाऊल अंधांच्या संघटनांनी मोर्चाने नाहीतर दाव्याने टाकायला लावलं आहे. म्हणून या पुस्तकातल्या योजनांना कुणी सवलती म्हटलं की मला ते खटकतं.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचं उदाहरण सर्वांना माहीत आहे, पण ते अर्धंच सांगितलं जातं. दादरच्या त्याच कमला मेहता शाळेतून शिकलेल्या प्रांजल पहिल्या प्रयत्नात केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, 773 वा क्रमांक आला, आणि रेल्वे लेखा सेवेने पूर्ण अंधत्वाचं कारण सांगून त्यांना नाकारलं. सरकारच्या एका हाताने निवडलेल्या उमेदवाराला दुसऱ्या हाताने परत पाठवलं. पुढच्याच परीक्षेत त्या 124 व्या आल्या, आयएएस झाल्या आणि 2019 मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. आपण सत्कार केले ते 124 व्या क्रमांकाचे. 773 व्या क्रमांकावरून परत पाठवलेल्या, पण दुसऱ्यांदा बसण्याचं बळ नसलेल्या उमेदवारांचा हिशेब कुणी ठेवत नाही. दृष्टिहीनांना न्यायाधीशाच्या नोकरीपासून दूर ठेवणारा मध्य प्रदेशातला नियम तर सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो मार्च 2025 मध्ये.

फोनने बरंच बदललं, हे खरं. बोलणाऱ्या फोनमुळे बापूंचा नातू नसतानाही बापूंना बँकेचा मेसेज कळतो. पण त्याच फोनवर ओळख पटवताना सूचना येते की डोळ्यांची उघडझाप करा. याच अडचणीवरच्या एका याचिकेत 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि ही प्रक्रिया बदलायला सांगितली. सरकारी पोर्टलवरचा वेडावाकडा कॅप्चा अजून अनेक ठिकाणी जिवंत आहे. अर्ज भरताना तो आडवा आला तर तक्रार कुठे आणि कशी करायची, ते शेवटच्या प्रकरणात दिलं आहे. तो भाग वगळू नका.

पुस्तक वापरणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. एक, यातल्या रकमा आणि मर्यादा बदलत राहतात. शासन निर्णयाची तारीख पाहिल्याशिवाय कुणाला आशा लावू नका. दोन, अंध माणूस समोर असेल तर त्याच्याबरोबर आलेल्याशी न बोलता त्याच्याशी बोला, कागद त्याच्या हातात द्या आणि कोणता दिला ते सांगून द्या. रबर काढलं असेल तर परत लावा.

या पुस्तकाची ब्रेल प्रतही तयार होते आहे. ब्रेल फुगतं, एका पुस्तकाचे चार खंड होतात, वजन वाढतं. पण 7 किलोपर्यंतचं ब्रेल साहित्य टपाल खातं फुकट पोचवतं. पाकीट उघडून तपासता येईल असं बांधायचं आणि वर ‘अंधांसाठी साहित्य’ असं लिहायचं. दाखला, टक्केवारी, उत्पन्नाची मर्यादा यातलं काही लागत नाही. तुमच्या तालुक्यात ब्रेल वाचणारं कुणी असेल तर त्यांचा पत्ता, त्यांना विचारून, आम्हाला कळवा.